महाराजांचे ओले पाय आणि कुंभारणीचं घर

टेंभूरगडच्या महाराजांच्या गाडीसारखी थंडगार गाडी साऱ्या पृथ्वीवर नव्हती. सांगणाऱ्याने पृथ्वी पाहिलेली नाही. पण टेंभूरगडात तरी नव्हती, कारण दुसरी गाडी घ्यायची कुणाला परवानगीच नव्हती.

ऐन वैशाखात त्या गाडीत पाणी साचायला लागलं. एसी लावला की महाराजांच्या पायाशी तळं. गाडी वळली की ते डुचमळायचं. एकदा डावी मोजडी तरंगत उजव्या पायाशी आली. महाराज तशाच उलट्या मोजड्या घालून उतरले आणि दिवसभर वाकडे चालले. त्यांच्यामागून दरबारही वाकडा चालला.

राजवैद्य म्हणाले, गाडीला जलोदर झालाय. उपाध्ये म्हणाले, गंगा प्रकटली, हळदकुंकू वाहा. दिवाण म्हणाले, महाराजांनी मांडी घालून बसावं. महाराज बसलेही, पण प्रजेला वाटलं आत जेवण चाललंय, म्हणून मुजरा न करता लोक मागे फिरले.

शेवटी शिदू ड्रायव्हर गाडीखाली सरपटत गेला आणि कारण घेऊन बाहेर आला. एसीचं पाणी ज्या रबरी नळीतून खाली ठिबकायचं, तिच्या तोंडावर कुंभारणीनं, म्हणजे त्या बारीक कमरेच्या माशीनं, चिखलाचं घर बांधलं होतं. नळी बंद, म्हणून पाणी आत.

"काडी द्या, आत्ता मोडतो," शिदू म्हणाला.

"खबरदार!" वरच्या सज्जातून राणीसाहेब म्हणाल्या.

त्यालाही कारण होतं. सूनबाईंना सातवा लागला होता. कुंभारणीनं घर केलं की पाळणा हलतो, आणि तो हलेपर्यंत ते घर मोडायचं नसतं, हे टेंभूरगडात लहान पोरही सांगेल. राणीसाहेबांनी तशी दवंडीच पिटली होती. राजवाड्यात तर भिंतीभिंतीवर घरं झाली होती आणि दिवाण कपाटाची दारं उघडायलाही घाबरत होते.

महाराजांचा शब्द राणीसाहेबांपुढे चालत नसे, म्हणून तो शिदूवर चालला. "घर मोडायचं नाही. गाडीचा एकही भाग काढून ठेवायचा नाही. आणि उद्या सकाळी सूनबाईंच्या माहेरी ओटीभरणाला आम्ही थंड डोक्यानं आणि कोरड्या पायांनी जाणार. नाही जमलं, तर एसी बंद, गाडी दिवाण हाकतील आणि तू पंखा घेऊन शेजारून धावायचं. उन्हाळाभर."

शिदू घरी आला आणि आईसमोर बसला. आई म्हणजे कोंडाबाई सुईण. महाराजांसकट अर्धा टेंभूरगड तिच्याच हातून जगात आलेला.

"आये, मी मरतो आता."

"पंखा कुठल्या हातात धरणार?"

"आये!"

"बरं, नळी केवढी लांब हाय ते सांग."

"वीतभर तरी खाली लोंबतीय."

"आन् घर?"

"अगदी टोकाला."

कोंडाबाईनं काळा दोरा घेतला, कात्री घेतली आणि चहा पिऊन निघाली. घाईनं ती कुठल्याच बाळंतपणाला गेली नव्हती.

राजवाड्यात येऊन तिनं आधी गरम पाणी मागवलं. ते कशाला, हे विचारायची दिवाणांची हिंमत झाली नाही. मग म्हणाली, "पुरुषमाणसांनी बाहेर व्हा."

"अगं, ही गाडी आहे," दिवाण म्हणाले.

"म्हणून काय झालं?"

दरबार बाहेर गेला. महाराज तेवढे पाठ फिरवून तिथंच उभे राहिले. कोंडाबाईनं गरम पाण्यात कात्री धुतली, गाडीखाली चटई सारली आणि आत शिरली. नळीचं टोक घरासकट तिथल्याच दांडीला दोऱ्यानं घट्ट बांधलं. मग घराच्या चार बोटं वर नळी कापली.

भस्सकन पाणी सुटलं, आणि वाहत वाहत थेट महाराजांच्या मोजड्यांपाशी गेलं.

"पाणी गेलं," आतून आवाज आला. "आता काळजी नाही."

महाराज गर्रकन फिरले. वाकून पाहिलं आणि मिशी फुरफुरली. "तू आमची गाडी कापलीस!"

"गाडी कुठं, महाराज? नाळ कापली."

"एकही भाग काढायचा नाही म्हणालो होतो."

"काढला कुठं? दांडीला बांधलाय बघा. घर जागेवर, नळी जागेवर. मधे तेवढी वाट केली."

तेवढ्यात कुंभारीण चिखलाची गोळी घेऊन आली. दोन घिरट्या घातल्या, काही बदललंय असं तिला वाटलं नाही, आणि ती लिंपायला बसली. वरच्या सज्जातून राणीसाहेबांनी मान डोलावली. म्हणजे खटला अर्धा संपला.

महाराजांनी मात्र अजून सोडलं नाही. "ते काही नाही. अख्खी होती ती गाडी आता मोडकी झाली."

"अशा किती बाया मोडल्या म्हणायच्या मी?" कोंडाबाई म्हणाली. "राणीसाहेबांना विचारा. युवराजांची नाळ कापली, तर त्या मोडल्या का?"

महाराजांनी सज्जाकडे पाहिलं. सज्जातून त्यांच्याकडे असं काही पाहिलं गेलं, की ते आधी गाडीआड सरकले, आणि मग पोट धरून हसायला लागले. दरबार बाहेर होता, तरी बाहेरच्या बाहेर हसला.

शिदूसाठी काढून ठेवलेला पंखा दिवाणांच्या हातात गेला. कोंडाबाईला जरीकाठी लुगडं आणि दुभती गाय मिळाली, शिवाय त्याच गाडीतून घरापर्यंत थंडगार फेरी. गाय मागून चालत आली.

ती गाडीत बसत असताना महाराजांनी हसून ओले झालेले डोळे पुसत विचारलं, "खरं सांग कोंडाबाई, राजाच्या गाडीवर कात्री चालवताना हात नाही थरथरला तुझा?"

"खुद्द राजावर चालवली तेव्हा नाही थरथरला, महाराज. आणि तेव्हा तुम्ही या गाडीपेक्षा जास्त गळत होता."