साळूचे काटे आणि बारकीचं उत्तर

डोंगरात माणसाची पायवाटही नव्हती तेव्हाची गोष्ट. साळू नावाची एक साळिंदर आपल्या लेकीला, बारकीला, रोज बिळात बेहडे मांडून बेरीज-वजाबाकी शिकवायची. "पाचांतले दोन खाल्ले, उरले किती?" उत्तर चुकलं की साळूच्या पाठीवरचे काटे खळखळत उभे राहायचे आणि बारकीच्या तोंडचं पाणी पळायचं. पुढेपुढे ती बेहड्यांकडे बघेनाशीच झाली. नजर आईच्या काट्यांवर ठेवून ती आकडे बदलत जायची आणि काटे खाली बसले की थांबायची. साळू मात्र शेजारणीला सांगायची, "आमची बारकी हिशेबाला पक्की हो!"

एका संध्याकाळी बिळाबाहेर लांडग्यांची चाहूल लागली. बिळाच्या तोंडाशी एका वेळी एकीलाच बघता येईल एवढीच फट होती, म्हणून साळूने बारकीलाच बाहेर बघायला बसवलं आणि आपण मागे अंग चोरून बसली.

बारकीने तीन लांडगे येताना पाहिले. दोन ओढ्याकडे निघून गेले. तिसरा कुठेच दिसेना.

"उरले किती गं?" साळू कुजबुजली.

"एक," बारकी म्हणाली आणि सवयीने तिने मागे पाहिलं.

भीतीने साळूचे सगळे काटे ताठ उभे राहिले होते.

बारकीने घाईघाईने आकडा बदलला. "नाही, नाही, आई, चुकलं माझं! एकही नाही!"

काटे हळूहळू खाली बसले.

"हुशार गं माझी बाय," साळू म्हणाली. "चल, हो पुढे."

करवंदीच्या जाळीमागे उरलेला एक लांडगा श्वास रोखून बसला होता.