बाभळीवरचं कोळिष्टक

"याला डोळं किती असत्यात?"

"आठ," हणमंत म्हणाला. हातातली कोयती त्यानं खाली केली. "बहुतेक जातींना आठ. काहींना सहाच."

"आठ... मंग लई लांबचं दिसत आसंल."

"उलट आहे, बाबा. बहुतेक कोळ्यांना अंधुकच दिसतं. त्यांना कळतं ते धाग्याच्या हादऱ्यावरून. माशी अडकली, धागा थरथरला, की पायांना समजतं."

"डोळं आठ, आन् बघायचं पायानं!" बाबा हसले. गुडघ्यावर हात टेकून ते बाभळीच्या विरळ सावलीत बसले आणि वर बघत राहिले.

माणदेशातल्या एका उजाड टेकडीवर अचलनाथ बाबांचा मठ होता. मठ म्हणजे काय, तर दगडी ओटा, पत्र्याच्या दोन खोल्या आणि बारा महिने जळणारी धुनी. त्या धुनीसाठी वाळलेली फांदी तोडायला गुरू-शिष्य सकाळी बाहेर पडले होते. फांदी मिळाली, पण तिच्या काट्यांत एक राखाडी कोळिष्टक लटकत होतं. वाळकी पानं, माश्यांचे पंख, धूळ, सगळं एकात एक गुंतलेलं. हणमंतानं कोयती उगारली, ती कोळिष्टकाला जराशी लागलीही, आणि बाबांनी त्याचा हात धरला.

हणमंत गेल्या वर्षापर्यंत तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होता. मग त्याचं मन उडालं. राजीनामा दिला, घर सोडलं आणि तो मठात येऊन राहिला. उद्या अमावास्या होती. बाबांनी हो म्हटलं तर उद्याच त्याला दीक्षा मिळणार होती. बाबा अजून हो म्हणाले नव्हते. नाहीही म्हणाले नव्हते.

हणमंतानं मात्र दीक्षेनंतरचं आपलं नावही मनात ठरवून ठेवलं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

"ह्यो किडाच न्हवं का?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा. किड्याला सहा पाय. कोळ्याला आठ. किड्याला पंख असू शकतात, कोळ्याला कधीच नाही. त्याचं कूळच वेगळं. विंचू, गोचीड, हे त्याचे भाऊबंद."

"झकास भाऊबंद हायेत."

हणमंतही हसला. बाबांनी असं काही विचारलं की त्याला बरं वाटायचं. इतर वेळी मठात त्याला काही येत नसे. धुनी पेटवता येत नव्हती, भाकरी वाकडी व्हायची, ध्यानाला बसला की पायाला मुंग्या यायच्या. निदान इथे तरी त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"सोताच्या जाळ्यात ह्यो कसा अडकत न्हाई?"

"सगळ्या कोळ्यांचे सगळे धागे चिकट नसतात. चक्राकार जाळं विणणारा कोळी असतो ना, त्याच्या जाळ्यातले आडवे धागे चिकट आणि उभे कोरडे. तो कोरड्यावरून चालतो. पायाच्या टोकांना बारीक केस असतात, त्यांचाही उपयोग होतो. आणि हा जो बाभळीवरचा आहे, याच्या धाग्याला डिंकच नसतो. पिंजलेल्या लोकरीसारखा असतो तो. भक्ष्याचे पाय त्यात गुरफटतात."

"इख असतं का?"

"विष जवळजवळ सगळ्यांना असतं. माणसाला बाधेल असं फारच थोड्यांना. लोक उगाच भितात."

"आन् मादी नराला खाती म्हंत्यात, ते?"

"काही जातींत. तेही दर वेळी नाही. लोकांना ती गोष्ट आवडते म्हणून ती फार पसरली."

बाबांनी मान डोलावली. प्रत्येक उत्तर ते लहान मुलासारखं ऐकत होते. हणमंताची एकही गोष्ट चुकीची नव्हती, हे इथे सांगून ठेवायला हवं. कोळ्याच्या बाबतीत तो खरोखरच पक्का होता.

 खालच्या ओढ्यात कुणाच्या तरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"ह्यो बघ," बाबा म्हणाले. "ह्यो का हालंना?"

कोयतीनं कोळिष्टक एका बाजूनं जरा फाटलं होतं. त्या फटीतून एक कोळी दिसत होता. फिकट पडलेला, पोट आत गेलेला. त्याच्या अंगावर मोहरीएवढी पिल्लं चढली होती. पाठीवर, पायांवर, पोटाशी.

हणमंत पुढे वाकला. त्याचा चेहरा उजळला.

"बाबा! हे बघायला लोक महिने महिने थांबतात. ही आई आहे."

"व्हय?"

"पिल्लं अंड्यांतून बाहेर आली की आधी ती पोटातलं अन्न ओकून त्यांना भरवते. कोळ्याला चावून खाता येत नाही, त्याला पातळच लागतं. मग हळूहळू तिचं स्वतःचं शरीर आतून विरघळायला लागतं. आणि मग पिल्लं तिच्यावर चढतात..." तो थांबला. वर्गातही तो इथे थांबायचा. बाकावरची मुलं हमखास गप्प व्हायची. "आणि तिलाच शोषून घेतात. मागं उरतं ते नुसतं टरफल."

"जित्तेपणी?"

"जिवंतपणीच."

"तिला पाय न्हाईत?"

"आहेत की. आठ."

"मंग पळत का न्हाई?"

"पळत नाही. झटकत नाही. जागची हलतसुद्धा नाही." हणमंत योग्य शब्द शोधत होता. सापडल्यावर त्याला फार समाधान वाटलं. "तशी तिची संमतीच असते म्हणा ना."

"संमती..." बाबा म्हणाले.

"हो."

"पोरास्नी कळतं का, आपुन कुणाला खातोय?"

"त्यांना भूक कळते, बाबा. बाकी काही कळत नाही."

"आन् मंग? म्होरं काय करत्यात?"

"काही तिथंच राहतात. काही उंच जागी चढतात, धागा सोडतात आणि वाऱ्यावर निघून जातात. फार लांब जातात म्हणे."

बाबांनी हात लांबवून फाटलेल्या फटीवर एक वाळकं पान सरकवलं. पिल्लं दिसेनाशी झाली.

"ही फांदी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "दुसरी बघू."

दुसरी फांदी तोडून दोघं मठाकडे निघाले. हणमंत मोळी घेऊन पुढे, बाबा मागून काठी टेकत. वाटेत हणमंताला राहवेना.

"संमतीवरून आठवलं, बाबा. आईची भिक्षा मी आणली आहे. आल्या दिवशीच कोठीत ठेवली. तुम्ही विचारलंच नाहीत."

या मठाचा एक रिवाज होता. दीक्षा घेणाऱ्यानं पहिली भिक्षा आपल्या आईकडून मागून आणायची. त्या तांदळाचा भात धुनीवर शिजायचा, पहिला घास गुरूनं घ्यायचा, मग कानात मंत्र द्यायचा. आईनं घातलेली मूठ म्हणजे तिनं लेकाला सोडल्याची खूण. तिच्याशिवाय दीक्षा नाही. आई नसलेल्यानं मावशीकडून आणायची, मावशी नसली तर गावातल्या म्हाताऱ्या बाईकडून. पण बाईच्या हातची हवी.

"मागितलीस कशी?" बाबांनी विचारलं.

"सरळ. म्हटलं, आई, मी कायमचा जातोय, भिक्षा घाल."

"आन् ती काय म्हणली?"

"काही नाही. आत गेली. जरा वेळानं आली आणि झोळीत तांदूळ घातले. डोळ्यांत टिपूस नाही, बाबा. 'सावकाश जा' एवढंच म्हणाली." हणमंताच्या आवाजात अभिमान होता. "खंबीर बाई आहे."

"घरात अजून कोण?"

"कोणी नाही. वडील मी लहान असतानाच गेले. शेळ्या राखून तिनं मला शिकवलं."

"शेळ्या हायेत अजून?"

हणमंतानं खांद्यावरची मोळी सारखी केली.

"विकल्या. निघताना गावजेवण घातलं ना मी. सगळं सोडायचं तर नीट सोडावं, म्हणून. माझं जे होतं नव्हतं ते वाटून टाकलं. शेळ्यांचं तिला विचारलं, तर ती म्हणाली, वीक."

 काठीचा आवाज तेवढा येत राहिला.

मठात आल्यावर बाबा ओट्यावर टेकले. "तांदूळ आण," म्हणाले. "सूप बी आण."

हणमंत धावतच कोठीत गेला. बाबांनी तांदूळ मागितले, म्हणजे झालंच.  झोळी आणून त्यानं बाबांच्या पायाशी ठेवली.

"मी उद्या पहाटे शिजवतो, बाबा."

"आधी निवड."

हणमंत मांडी घालून बसला. झोळी सुपात रिकामी केली. तांदूळ निवडायला काय लागतं? तो भराभर बोटं फिरवू लागला.

बरीचशी कणीच होती. अख्खा दाणा शोधावा लागत होता. कडुलिंबाचा पाला निघाला, वाळून चुरा झालेला. सोंडकिडे निघाले. तांदळाचं पीठ बोटांना लागलं. मग तपकिरी, पातळ असं काहीतरी बोटाला टोचलं. त्यानं ते उचलून उजेडात धरलं. गंजलेल्या पत्र्याचा पापुद्रा होता.

असा आणखी एक निघाला. मग आणखी.

त्याची बोटं मंदावली.

घरातला तो डबा त्याला माहीत होता. उंच, पत्र्याचा, बुडाला गंजलेला. वर्षाचे तांदूळ आई त्यात भरायची आणि तळाला कडुलिंब घालायची. लहानपणी तळाचं काही काढायचं असलं की ती त्यालाच आत वाकवायची, आणि तो डब्यात तोंड घालून ओरडायचा. आवाज घुमायचा. ती हसायची.

गावजेवणाला त्या डब्यातले तांदूळ त्यानंच नेले होते. पोत्यात ओतताना तिनं डब्याला खालून हात दिला होता, जड होईल म्हणून.

"हे..." हणमंत म्हणाला. 

बाबा धुनीकडे बघत होते.

"हे तळाचं आहे, बाबा. खरवडून काढलंय. ती आत गेली होती, तिला वेळ लागला... मला वाटलं, देवापुढं उभी असेल." त्यानं पापुद्रा मुठीत धरला. "मी दारात उभा होतो. मी मनात म्हणत होतो, लवकर ये, एसटी चुकेल."

त्याला लाज वाटली. शब्दात मांडावी, वर्गात सांगावी अशी नव्हे. साधी, पोटातून आलेली लाज. तो मान खाली घालून रडला आणि बाबांनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं.

"ही भिक्षा चालणार नाही, ना?"

"का न चालायला? हिच्यावाणी खरी भिक्षा हितं कुनी आनली न्हाई."

"मग उद्या?"

बाबांनी धुनीत एक काटकी सारली.

"बाबा, तिनं हो म्हटलं होतं. मी जबरदस्ती नाही केली. शेळ्यांनाही हो म्हणाली, तांदळालाही..." आपलंच वाक्य त्याच्या कानावर पडलं.

धुनीतलं लाकूड तडकलं.

बाबा उठले. गुडघे धरत, सावकाश. सुपातले तांदूळ होते तसे, कणीसकट, पाल्यासकट त्यांनी झोळीत परत ओतले. मग ते कोठीत गेले. आत भांड्याचा आवाज झाला. परत आले तेव्हा त्यांचं उपरणं तांदळानं भरलेलं होतं, आणि ते वजनानं वाकले होते. ते सगळे तांदूळ त्यांनी झोळीत रिते केले. मठात भिक्षा यायची. मठातून भिक्षा गेल्याचं हणमंतानं कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा, हे उलटं झालं. गुरूनं शिष्याला भिक्षा..."

बाबांनी झोळीला गाठ मारली. दातांनी ओढून घट्ट केली. झोळी उचलून त्याच्या खांद्यावर दिली. ती जड होती. हणमंत एका बाजूला कलला.

"आत्ता निघू?"

"एसटी हाय न्हवं दुपारची?"

"आहे."

हणमंत त्यांच्या पाया पडला. चार पावलं गेला आणि परत वळला. त्याचा चेहरा आता फार तरुण दिसत होता.

"बाबा, मी परत कधी येऊ?"

बाबा धुनीतली राख सारखी करत होते. त्यांनी वर पाहिलं.

"ती म्हनंल, जेवले... तू आधी भाकरीचं टोपलं उघडून बघ."