शालनची पेटी आणि घासलेले आकडे

बँडवाले काय, गावोगाव असतात. पण बँडमधलं वाद्य घरी बसून स्वतः बनवणारं माणूस विरळाच. सोनगीरवाडीत असं एक माणूस होतं. तिचं नाव शालन कासार. रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता या बाईनं चक्क एक सिंथेसायझर बनवला. सिंथेसायझर म्हणजे विजेवर नाना तऱ्हेचे आवाज काढणारी पेटी. आता एवढा लांबलचक शब्द रोज कोण उच्चारणार? गाव तिला सरळ ‘शालनची पेटी’ म्हणे.

आणि पेटी तरी कसली! बाजारातले कीबोर्ड तिच्यापुढे नुसत्या पिपाण्या. खालचा सूर लावला की छातीत घुमायचा. वरचा लावला की सनईवाल्यानं मान डोलवावी. बरं, एकदा बनवून शालन गप्प बसली असं नाही. दर वर्षी जत्रेच्या आधी ती पेटी उघडायची, आतलं जुनं काही काढायची, नवं काही जोडायची, आणि पेटीला नवा आवाज फुटायचा.

जत्रेत पंचक्रोशीतले बँड वाजायचे. जो सरस वाजवील त्याला मानाचा नारळ मिळे, आणि देवाच्या पालखीपुढे वाजायचा मान वर्षभर त्याचा. पेटी आली तेव्हापासून नारळ सोनगीरवाडी सोडून कुठं गेला नव्हता. शालनला याचा अभिमान होता. का नसावा? तारांना डाग द्यायच्या तापलेल्या कावियाचे चटके खाऊन कमावला होता तो.

पण त्या अभिमानाला एक भीती चिकटली होती. आपली पेटी बघून कुणी दुसरी बनवली तर? म्हणून ती दार लावूनच पेटी उघडायची. असल्या पेटीत बारीक पायांचे काळे आयसी असतात, आणि कुठला आयसी काय काम करतो ते त्याच्या पाठीवर छापलेल्या नंबरावरून कळतं. शालननं पॉलिश पेपर घेतला आणि सगळ्यांच्या पाठी घासून गुळगुळीत केल्या. “आता कुणी उघडली तरी बसेल हात चोळत,” असं म्हणून ती खूश झाली.

शेजारच्या तळसर गावच्या बँडात निजाम मुल्ला होता. त्यालाही पेट्यांचा भारी नाद. एक-दोन आवाजांची साधी पेटी त्यानं जमवलीही होती. एकदा तो शालनच्या दुकानात आला.

“ताई, एकदा झाकण काढून दाखवा की. नुसतं बघतो, हात लावत नाही.”

“बघून पोट भरतं होय?” शालन म्हणाली. “आमचं आम्हाला राहू द्या.”

निजाम हसला आणि आल्या वाटेनं परत गेला. मनात मात्र त्यानं काही ठेवलं नाही.

पुढं जत्रेचा दिवस उजाडला. सोनगीरवाडीचा बँड देवळापुढच्या मांडवात जमला. शालनला वाटलं, यंदा पेटीतून चौघडा वाजवून सगळ्यांना गार करावं. तिनं मांडवाच्या कोपऱ्यात चादरीचा आडोसा केला आणि पेटी उघडली.

बँडचे म्होरके केरबा मास्तर चादरीबाहेरून म्हणाले, “अगं, ऐन वेळेला कशाला उघडतेस? चालतंय ते चालू दे की.”

“मास्तर, तुम्ही नुसतं ऐकाच!”

झालं! घाईत तिनं विजेच्या तारांची पट्टी उलटी बसवली. पेटी बनवणाऱ्यांच्या हातून हमखास होणारी चूक ती. बटण दाबलं, फुस्स झालं, जळका वास सुटला, आणि पेटी मुकी झाली.

शालननं आत डोकावून पाहिलं. एका आयसीला तडा गेला होता. तेवढा बदलला की काम होणार होतं. पण तो आयसी होता कुठला? पाठ गुळगुळीत! पेटी बनवून इतकी वर्षं झाली होती की तिचं तिलाच आठवेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिला रडू कोसळलं.

“ताई, तळसरचा निजाम पलीकडं झाडाखाली बसलाय,” कुणीतरी म्हणालं. “त्याला यातलं कळतं.”

शालन दचकली. त्याला बोलवायचं म्हणजे सगळं उघडं करून दाखवायचं, आणि तेही समोरच्या बँडातल्या माणसाला! त्यापेक्षा पेटी झाकून घरी न्यावी. नारळ जाईल, पण गुपित राहील. तिनं झाकण उचललंसुद्धा. तेवढ्यात चादरीच्या फटीतून तिला तिची माणसं दिसली. क्लॅरिनेटवाला लाल कोटाची बटणं लावत होता, ढोलवाला दोऱ्या आवळत होता, आणि मास्तर नुसते येरझाऱ्या घालत होते. पेटी तिची होती, पण मान या सगळ्यांचा होता.

तिनं झाकण खाली ठेवलं आणि चादर ओढून काढली.

“निजामभाऊ,” तिनं मोठ्यानं हाक मारली, “या. बघायचं होतं ना तुम्हाला? बघा.”

निजाम आला. त्याच्यामागून अख्खा मांडव गोळा झाला. निजामनं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि म्हणाला, “ताई, मला पहिल्यापासून सांगा. सूर कुठून निघतो?”

शालन बोट ठेवत सांगू लागली. इथं सूर जन्माला येतो. इथं त्याची धार मऊ होते. इथं दुसरा सूर येऊन त्याला मिळतो. सांगता सांगता तिची भीड चेपली. लोक तर आ वासून बघत होते. वेणी घालावी तशा तारा नीट बांधलेल्या, आणि डागाचा एक टिपका इकडचा तिकडं नाही.

“पोरी, हे एवढं सगळं तू केलंस?” केरबा मास्तर म्हणाले. “आम्हाला वाटायचं, शहरातून तयार आणून नुसतं खोक्यात बसवतेस!”

शालनला तेव्हा कुठं उमगलं. इतकी वर्षं तिनं आपलीच करामत आपल्याच माणसांपासून लपवली होती.

ती पुढं सांगू लागली. “आणि इथं आवाज लहान-मोठा...” तिचं बोट तडा गेलेल्या आयसीवर थबकलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई! हा तर आपला रेडिओतला! गल्लोगल्ली मिळतो मेला, आणि त्याचा नंबर घासत बसले मी!”

सगळा मांडव खदखदून हसला. त्यात तीही हसली.

“असले तर माझ्या पिशवीतच पडलेत,” निजाम म्हणाला आणि त्यानं एक काढून पुढं केला.

“निजामभाऊ, तुमचा बँड आमच्या समोर आहे ना?”

“आहे की. पण मुक्या पेटीला हरवून मिळालेला नारळ आमच्या देवाला तरी चालेल का?”

नवा आयसी बसला, पट्टी सुलटी लागली, आणि पेटीतून चौघडा असा काही दणाणला की पंचांनी नारळ सोनगीरवाडीलाच दिला.

जत्रा संपली आणि शालननं दुकानाचं दार सताड उघडं टाकलं. येईल त्याला दाखवलं, चुकेल त्याला पुन्हा दाखवलं. हळूहळू गावोगावच्या बँडांत पेट्या आल्या, आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. मग एके वर्षी नारळ तळसरला गेला. निजामची पेटी शालनच्या पेटीहून सरस वाजली होती.

कुणीतरी शालनला डिवचलं, “काय ताई, गेला की नारळ!”

शालन ताठ उभी राहिली. “गेला कुठं?” ती म्हणाली. “आज जत्रेत एवढ्या पेट्या वाजल्या. त्यातली एक तरी परकी होती का, सांगा बघू.”

तात्पर्य: लपवलेली विद्या एक दिवस धन्यालाच परकी होते, वाटलेली विद्या गावोगाव त्याचंच नाव वाजवते.