कोंडाजीच्या पाठीमागचा सूर

केवळनाथ महाराज उंबरदऱ्यास आले ते काही कुणी वाजतगाजत आणले म्हणून नव्हे. एके दिवशी ते ओढ्याकाठच्या पडक्या धर्मशाळेत येऊन उतरले, शेजारणीकडून खराटा मागून घेतला, अंगण झाडले आणि राहिले. धर्मशाळेचा मठ कधी झाला हे गावालाही कळले नाही. महाराजांना गाण्याबजावण्याची भारी हौस. स्वतः गात नसत, पण दुसरा गाऊ लागला की मान डोलवता डोलवता त्यांचे डोळे भरून येत. त्यामुळे गावात ज्याच्या गळ्यात किंवा बोटांत काही होते तो दिवेलागणीला मठाची वाट धरी.

कुंभारवाड्यातली गोदाक्का ओव्या म्हणे. नारबा शिंपी अभंग म्हणे, राणूजी संबळ वाजवी. कुणाचे पोर आजारी पडले तर बाकीचे त्याच्या घरी पाणी भरत, आणि संबळाचे कातडे फाटले तर ते सगळ्यांचेच फाटले असे समजत. या मंडळींत हेवादावा म्हणून नव्हता. खोड होती ती एकच, अतिनम्रतेची. "आधी तुम्ही म्हणा." "छे छे, तुमच्यापुढं मी कसा म्हणू?" असे करता करता आरतीची वेळ व्हायची आणि भजन राहून जायचे. महाराज हसून म्हणायचे, "अरे, देव ताटकळलाय, कुणीतरी तोंड उघडा!"

या सगळ्यांचा जीव होता कोंडाजी गुरवावर. कोंडाजी सनई वाजवीत असे. ऐकणाऱ्याला वाटावे, कुणीतरी आपल्या मनातलेच बोलते आहे. पण सज्जनहो, सनई हे एकट्याचे वाद्य नव्हे. एकजण धून वाजवतो आणि त्याच्या मागे दुसरा, दुसऱ्या सनईवर, एकच सूर अखंड धरून बसतो. त्याने बोट हलवायचे नाही की श्वासासाठी थांबायचे नाही. गालात हवा भरून ठेवायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि सूर चालू ठेवायचा. त्याला कुणी वाहवा म्हणत नाही, पण तो थांबला तर पुढच्याची धून उघडी पडते. कोंडाजीच्या मागे, डाव्या खांद्याशी, हे काम त्याचा धाकटा भाऊ येसाजी करी. जन्मभर त्याने दुसरे काही वाजवले नाही. पौषात तापाचे निमित्त झाले आणि येसाजी गेला.

कोंडाजीला मूलबाळ नव्हते. भाऊ हेच त्याचे घरदार होते. फाल्गुनात तो मठात आला आणि दोन्ही सनया त्याने महाराजांपुढे ठेवल्या.

"ठिवून घ्या महाराज. आता न्हाई वाजवायचो."

"का रे?"

"धून धरली की कान मागं जात्यात. मागं कुणीच न्हाई. फुंकच निघत न्हाई बघा." एवढे बोलून तो पोरासारखा रडू लागला.

महाराजांनी त्याला रडू दिले. मग येसाजीची सनई उचलून आपल्या बैठकीशी ठेवली आणि कोंडाजीची त्याच्या हातात परत दिली. "ही एक राहू दे माझ्याकडे. तुझी तू घेऊन जा. वैशाखात माझ्या गुरूंच्या पादुकांची पालखी आहे. तिच्यापुढे तूच वाजवायचं."

"आन् सूर कोन धरनार?"

"गावात माणसं काय कमी आहेत का तुला?"

आता या पालखीची रीत सांगायला हवी. पादुका मठातून उचलल्या की गावाला वळसा घालून परत येईपर्यंत सनईचा सूर तुटू द्यायचा नाही. धून श्वासाला थांबली तरी चालेल, सूर थांबता कामा नये. तुटलाच, तर पालखी आहे तिथे खाली ठेवायची आणि पुढच्या वर्षापासून तो मान दुसऱ्याला द्यायचा. पालखी सुरू झाली तेव्हापासून तो मान कोंडाजीच्या घरात होता. वैशाख म्हणजे ऐन लग्नसराई. पंचक्रोशीतला प्रत्येक सनईवाला कुठल्या ना कुठल्या मांडवात अडकलेला. कोंडाजीने कुणाला विचारायचे? त्याने मनाशी ठरवून टाकले, की सूर तुटला तर घरी जायचे, सनई आढ्याला खोचायची आणि पुन्हा खाली काढायची नाही.

मंडळींच्या हे लक्षात आल्यावाचून राहिले नाही. राणूजीने आधी स्वतः सनई फुंकून पाहिली. गाल फुगले, डोळे तांबडे झाले आणि सनईतून जो आवाज आला त्याने गोठ्यातली म्हैस दावे तोडून पळाली. नारबा शिंप्याला तर फुंकता फुंकता घेरी आली. शेवटी गोदाक्का म्हणाली, "सनईचा सूर सनईनंच धराया पायजे, आसं कुनी सांगितलंय? आपन गळ्यानं धरू. एकाचा दम संपला की दुसरा उचलंल." ही युक्ती सगळ्यांना पटली. देवराव पाटलांनी, ज्यांच्याकडे रीत सांभाळायचे काम होते, थोडा विचार करून होकार दिला. "सूर तुटला न्हाई म्हंजी झालं. मग त्यो सनईचा आसो न्हाईतर गळ्याचा."

उत्सवासाठी त्या वर्षी श्रीपतबुवा आले होते. मोठे गवई. आवाज खरोखर सोन्यासारखा, पण त्या सोन्याचे ओझे बुवांच्या मानेला झाले होते, ती खाली वाकत नसे. त्यांनी ओट्यावर चाललेली ही सुराची तालीम पाहिली आणि ते मोठ्याने हसले.

"एक बैल जुवाला आणि गाडी ढकलायला सगळं गाव! अहो, ज्याला एकट्यानं उभं राहता येत नाही त्यानं वाजवावंच कशाला? आम्ही भरसभेत एकटे गातो, ते कुणाच्या आधारावर?"

गोदाक्काने बुवांच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्याकडे बोट दाखवले. "मंग त्यो भोपळा घिऊन बसलाय, त्यो कशापायी?"

मंडळी खोखो हसली. बुवांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. ते पाटलांना म्हणाले, "सूर तुटेल, मी आज सांगून ठेवतो. तुटला की पुढच्या वर्षापासून पालखीपुढे माझे शिष्य गातील. कबूल?" पाटील रीतीला बांधलेले. ते खाली मान घालून म्हणाले, "रीत तशीच हाय, बुवा." कोंडाजी कोपऱ्यात बसून सगळे ऐकत होता. त्याने मान वर केली नाही. महाराजांनी मात्र फराळाच्या वेळी बुवांना आग्रह करून एक लाडू जास्तच वाढला.

वाट वाटून घ्यायला मंडळी बसली तेव्हा ती जुनी खोड आडवी आली. मठापासून विहिरीपर्यंत सूर गोदाक्का आणि तिच्या बायका धरणार, मारुतीपासून पुढे नारबा आणि भजनकरी. मधली चढण कुणाची? ती सगळ्यांत अवघड, तिथे पालखीचे भोईही धापा टाकत. "मानाची जागा ती, नारबा, तुमीच घ्या." "न्हाई अक्का, तुमचा गळा दांडगा, तुमीच." "आवं आसं कसं, तुमीच." हात जोडून, हसून दोघेही उठले. नारबा समजला, अक्काने घेतली. अक्का समजली, नारबाने घेतली.

वैशाख शुद्ध दशमीला, उन्हे कलल्यावर, पादुका पालखीत ठेवल्या गेल्या. महाराज पालखीबरोबर कधी जात नसत. मठाच्या ओट्यावर बसून ते वाट पाहत. बुवाही त्यांच्यापाशीच थांबले. म्हणाले, "सूर तुटल्यावर पालखी कशी परत येते तेवढं बघायला मी इथंच बसतो."

राणूजीच्या संबळावर काठी पडली, गोदाक्काने सूर उचलला आणि कोंडाजीने सनई ओठांना लावली. पहिली फुंक कापरी निघाली. पण बायकांचा सूर पाठीशी एवढा भरघोस उभा राहिला की दुसरी सरळ आली आणि तिसरीला रस्त्याकडेची माणसे गप्प झाली. एकीचा दम संपायच्या आत दुसरी आवाज मिसळी. पालखी पुढे चालली. कुंभारवाडा मागे पडला, विहीर आली. बायकांचे गळे आता बसत आले होते. गोदाक्काने शेवटचा दम पणाला लावून सूर विहिरीपर्यंत पोचवला आणि समोर पाहिले. समोर उभी चढण होती, मोकळी. नारबा आणि भजनकरी पार वर, मारुतीच्या पारावर, हात जोडून पालखीची वाट पाहत उभे होते.

"आगं बया!" गोदाक्काच्या तोंडून निघाले आणि त्या दोन शब्दांत सूर तुटला.

कोंडाजीने ते ऐकले. सनईची धून चालू होती, पण पाठीमागे काही नव्हते, पौषापासून होते तसेच. भोई थबकले. देवराव पाटलांनी पालखी खाली ठेवायला सांगण्यासाठी हात वर केला. हात उचलताना त्यांच्याही डोळ्यांत पाणी होते. कोंडाजीने मनात हाक मारली, "महाराज, संपलं वो!" आणि त्याने सनई ओठांवरून काढायला घेतली.

तोच सूर आला!

गळ्याचा नव्हे, सनईचा. स्थिर, भरलेला, कोंडाजीच्या डाव्या खांद्यामागून, जिथे येसाजी उभा राहत असे तिथून. पाटलांचा हात तसाच हवेत राहिला; पालखी टेकली नाही तोवर सूर तुटला नाही असे धरून त्यांनी भोयांना पुढे चालायची खूण केली. कोंडाजीने वळून पाहिले नाही. वळलो आणि कुणी दिसले नाही तर, ही त्याला भीती. त्याने डोळे मिटले आणि वाजवले. त्या चढणीवर तो जे वाजवून गेला ते ऐकून भोयांना खांद्यावरचे ओझे कळले नाही, असे ते पुढे सांगत. मध्यावर एकदाच तो सूर जरासा डचमळला, पुन्हा सावरला आणि मारुतीच्या पारापाशी नारबाच्या मंडळींनी आपला आवाज त्यात मिसळेपर्यंत टिकून राहिला.

त्याच वेळी मठात काय घडत होते ते आता ऐका. गावावरून वारा होता, वाद्यांचा आवाज ओट्यापर्यंत स्पष्ट येत होता. बायकांचा सूर थांबला तसे बुवा मांडीवर थाप मारून उद्गारले, "तुटला! महाराज, तुटला तुमचा सूर!" त्यांनी वळून पाहिले तो महाराजांनी बैठकीशी ठेवलेली येसाजीची सनई उचलून तोंडाला लावली होती. गाल टम्म फुगले होते, कपाळावरची शीर ताठ झाली होती. पण सनईतून आवाज म्हणून येत नव्हता, साधी फुंकरसुद्धा ऐकू येईना. "महाराज, ती वाजत नाही," बुवा हसू दाबत म्हणाले. "तोंडाची पत्ती सुकली असेल." एवढ्यात दुरून पुन्हा सूर ऐकू येऊ लागला. बुवांच्या कपाळाला आठी पडली. पंचक्रोशीत मोकळा सनईवाला नव्हता, मग हा कोण? महाराज तसेच फुंकत राहिले. मध्येच त्यांना ठसका लागला, त्यांनी कसाबसा तो गिळला. बऱ्याच वेळाने त्यांनी सनई खाली ठेवली, उपरण्याने घाम पुसला आणि तांब्याभर पाणी प्यायले.

पालखी मठात आली ती गलका करीतच. गोदाक्का नारबाशी भांडत होती, नारबा गोदाक्काची माफी मागत होता, आणि जो तो दुसऱ्याला विचारत होता, चढणीवर सूर कुणी धरला? कुणीच आपले नाव सांगेना. पादुका जागी ठेवल्यावर राणूजी म्हणाला, "कुनी का आसंना, धरला मातुर झ्याक! मधी येकदा जरा हालला, तेवढंच."

महाराज ओशाळून म्हणाले, "म्हातारा झालो रे. ठसका लागला."

बुवा उठून उभे राहिले. "मी पाहिलं," ते म्हणाले. "मी समोर बसलो होतो. इथं आवाज नव्हता. सगळा तिकडे जात होता..." जी मान कधी वाकली नव्हती ती महाराजांच्या पायांवर गेली आणि पाय आसवांनी भिजले.

महाराजांनी त्यांना उठवले. "माझ्या पायांशी कशाला? मी घटकाभर बसलो. येसाजी जन्मभर उभा राहिला, त्याला कधी कुणी विचारलं नाही. आणि बुवा, तुमच्या मागे तो पोरगा इतकी वर्षं बसतो, त्याचं नाव तरी कधी सभेत घेतलंत का?"

बुवा वळले. आधी त्यांनी आपल्या तंबोरेवाल्या शिष्याला हात जोडले, मग ते कोंडाजीपुढे गेले आणि सगळ्या गावासमोर त्यांनी त्याला साष्टांग नमस्कार घातला. कोंडाजी घाबरून मागे सरला. "बुवा, ह्ये काय करताय!"

"कोंडाजी," खालूनच बुवा म्हणाले, "मला सूर धरायला शिकवाल?"

कोंडाजीने महाराजांकडे पाहिले. महाराजांनी येसाजीची सनई पुढे केली. भावाची ती सनई कोंडाजीने छातीशी धरली, थोडा वेळ धरूनच ठेवली, आणि मग बुवांच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी काकडआरतीला श्रीपतबुवा कोंडाजीच्या डाव्या खांद्यामागे बसले होते. गाल फुगलेले, डोळे तांबडे, अवतार अगदी राणूजीसारखा. "नाकानं श्वास घ्या, बुवा, नाकानं!" गोदाक्का ओरडली, आणि मठ हसला. कोंडाजीही हसला, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. सज्जनहो, जो एकटा पडला त्याच्या मागे असे कुणीतरी येऊन बसू दे, आणि ते बसणे आपल्या वाट्याला आले तर आपली मान वाकू दे, एवढेच केवळनाथ महाराजांपाशी मागू या.