उसन्या बळाची तीन उत्तरे

एका राज्यात एक वीर होता आणि सगळे राज्य त्याच्यावर विसंबून आळशी झाले होते. नाव वज्रसेन. तोंडावर सोन्याचा मुखवटा, खांद्यावर निळा शेला. तो आकाशातून चालत असे, एका हाताने पूर अडवत असे. वेशीवर एक शिंग टांगलेले होते. संकटात सापडलेल्याने ते फुंकावे आणि वज्रसेनाने धावून यावे, असा रिवाज. आधी लोक आगीत फुंकत, पुरात फुंकत. मग गाडी चिखलात रुतली तरी फुंकू लागले. पुढे पुढे तर नारळ फुटेना झाला, की फुंक शिंग! वज्रसेन कधी नाही म्हणाला नाही. लोक टाळ्या वाजवत, आणि त्या टाळ्या त्याला फार गोड लागत.

एके सकाळी एक म्हातारा भारद्वाज पक्षी त्याच्या खांद्यावर येऊन बसला.

"वीरा, हे बळ कुणाचे?"

"माझे."

"उसने आहे. तुझ्या बापाने मांत्रिकाकडे बलाढ्य पुत्र मागितला. मांत्रिक नवे बळ घडवत नाही. एकाचे काढतो, दुसऱ्याला देतो. पाताळापलीकडच्या राज्यात दुसरा वज्रसेन राहतो. चेहरा तुझाच, जन्मवेळ तुझीच. तू इथे उचलतोस, तिथे तो झिजतो. आता तो मरणाला टेकला आहे."

"त्याच्यावरचा हा शाप कसा सुटेल?"

"तो तीन प्रश्न विचारील. तिन्हींची खरी उत्तरे दे. एकही खोटे दिलेस, तर बळ कायमचे तुझे आणि तो तत्क्षणी मरेल."

वज्रसेन हसला. खरे बोलायला वीराला कसली भीती? त्याने पक्ष्यासह वेशीजवळच्या पायऱ्यांच्या बारवेत उडी घेतली. तळाशी दार होते. ते उघडून तो बाहेर आला, तेव्हा तिकडे सूर्य पश्चिमेला उगवत होता.

एका घरात खाटेवर तो दुसरा वज्रसेन पडला होता, धंद्याने कुंभार. पाय लुळे, एक डोळा विझलेला, उजवा हात काटकीसारखा. चुलीपाशी त्याची बायको पाठ करून बसली होती. तीन वर्षांत ती नवऱ्याशी एक शब्द बोललेली नव्हती, असे भारद्वाजाने वाटेतच सांगितले होते. वज्रसेनाने मुखवटा उतरवला आणि सगळी हकीकत सांगितली. खाटेवरचा माणूस आपल्याच चेहऱ्याकडे बघत राहिला.

"म्हणजे तो तू," कुंभार म्हणाला. "मला वाटे, माझ्याच हाडांत खोट आहे. बरे. श्रावणातल्या अवसेला माझे पाय गेले. त्या दिवशी तू काय केलेस?"

"पूर अडवला. सातशे माणसे वाचली."

कुंभाराने लुळ्या पायांवरून डावा हात फिरवला. "सातशे. मग पायांचे दुःख नाही. ते मी दिले असे समज. दसऱ्याला डोळा गेला, तो कशापायी?"

वज्रसेनाची मान खाली गेली. "राणीची नथ तळ्यात पडली होती. मी काठावरून तळ पाहिला."

"सापडली?"

"सापडली. पण मोती टपोरा नाही म्हणून राणीने ती पुन्हा घातली नाही."

कुंभार हसला. असे हसणे वैऱ्याच्याही कानी पडू नये.

"आता शेवटचे. तीन वर्षांपूर्वी, माघी पौर्णिमेला, भर दुपारी, मी साकवावरून नदी ओलांडत होतो. या हातात माझी रेवा होती, चार वर्षांची. हात एकाएकी मेला. पोर सुटली. नीट धरता आले नाही तुम्हाला, एवढे बोलून ही गप्प झाली ती झालीच. मलाही तेच वाटत आले. त्या दुपारी तू काय उचलत होतास?"

वज्रसेनाला सगळे आठवले. त्या दुपारी राजवाड्यात मेजवानी होती. हत्ती उचलून दाखव, असे पाहुणे म्हणाले, आणि त्याने एकदा नव्हे, तीनदा उचलला होता. बुडते जहाज म्हणावे, जळते गाव म्हणावे, कोण तपासणार? बळ राहील, टाळ्या राहतील आणि हा एक डोळाही मिटेल. खोटे अगदी ओठांवर आले. त्याला स्वतःची किळस आली.

"हत्ती," तो म्हणाला. "मेजवानीत. पाहुण्यांनी वाहवा करावी म्हणून."

शाप सुटला. कुंभाराचे पाय भरून आले, डोळा उघडला, हातात रक्त खेळले. वज्रसेनाच्या अंगातले त्राण गेले आणि तो भुईवर बसला. कुंभार उठला. त्याने मूठ आवळली. त्या मुठीत आता डोंगर फोडायची ताकद होती.

"मार," वज्रसेन म्हणाला. "तुझा हक्क आहे."

"नाही. मारले तर तू सुटशील."

चुलीपाशी बायको उठली. नवऱ्याजवळ येऊन तिने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही धरली होती हो तिला."

"धरली होती," कुंभार म्हणाला, आणि दोघे मोठ्याने रडू लागले. वज्रसेनाकडे कुणी पाहिले नाही.

तो बारवेच्या पायऱ्या चढत, धापा टाकत आपल्या राज्यात परतला. लोकांनी आठ दिवस ऊर बडवला, मग आपल्या गाड्या आपण ढकलल्या, आपला बंधारा आपण बांधला. राज्य पहिल्यापेक्षा बरे चालू लागले. मुखवट्यामागचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून त्याला कुणी ओळखलेही नाही.

त्या राज्याचे जसे भले झाले, तसे तुमचे आमचे होवो. आणि माघी पौर्णिमेची दुपार वज्रसेनाला दर वर्षी जशी येते, तशी कुणालाही न येवो.