शंखकाराच्या लेकीचा शब्द

पूर्वी भोगवर्धन नगरात राजा जयघोष राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका शंखकाराच्या कुळात जन्मला. समुद्राकडून आलेले शंख चिरायचे आणि त्यांच्या बांगड्या घडवायच्या, हा त्या घरचा धंदा. त्याचे नाव धम्मिल, बायकोचे रेवती आणि लहानग्या लेकीचे उत्पला.

रेवतीला लेकीचा फार अभिमान. उत्पलेची बोटे वीणेवर अशी चालत की नगरातल्या नामांकित वीणाचार्याने, सोमिलाने, आपणहून तिला शिष्या करून घेतले होते. सोमिलाला नगरशेठ मणिभद्राचा आश्रय होता. तो रस्त्याने निघाला की लोक बाजूला होऊन हात जोडत. अशा माणसाने कारागिराच्या पोरीला घरी बोलावून शिकवावे, याचे रेवतीला अप्रूप वाटे.

पण पुढे पुढे उत्पला बदलली. शिकायला जायची वेळ झाली की तिचे पोट दुखू लागे. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर ती दचकून भिंतीला लागे. जेवताना बोलेना, वीणेला हात लावीना. पोर आळसावली, असे रेवतीला वाटले. तिने आधी समजावले, मग दटावले, आणि एके सकाळी दंडाला धरून तिला उंबऱ्याबाहेर ओढू लागली.

बोधिसत्त्व हातातली करवत ठेवून उठला. आज उत्पला माझ्याजवळ बसेल, एवढेच तो म्हणाला. आचार्यांना काय वाटेल, म्हणून रेवती चिडली. त्यावर तो म्हणाला, आचार्यांना काय वाटेल ते मागाहून पाहू, पोरीला काय वाटते ते आधी पाहू.

त्याने उत्पलेला ओली वाळू दिली आणि बांगड्या घासायला बसवले. स्वतःही शेजारी घाशीत राहिला. दुपारपर्यंत त्याने काही विचारले नाही. रेवती दारात तांदूळ पाखडत होती. मग तो सहज बोलावे तसे बोलला.

"बाळ, तुला कुणाची भीती वाटते का? तू सांगशील ते मी खरं मानीन. रागावणार नाही."

तिने हातातली बांगडी घासून पुरी केली. मग खाली मान घालूनच उत्पला म्हणाली, "आचार्य दार लावून घेतात. नको तिथं हात लावतात. म्हणतात, हे आपलं गुपित. सांगितलंस तर तुझी आई मरेल."

रेवतीच्या हातातले सूप निसटले. ती आक्रोश करीत धावणार, इतक्यात तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. तो पांढराफटक पडला होता, पण त्याचा आवाज जराही चढला नाही.

"सांगितलंस, फार चांगलं केलंस. यात तुझा तसूभरही दोष नाही. आईला काही होणार नाही. ती बघ, दारातच आहे. आता तू तिथं पुन्हा जायचं नाहीस. पण हे मी गुपित ठेवणार नाही. ज्यांच्या हाती त्याला रोखणं आहे, त्यांना सांगणार."

रेवतीने लेकीला पोटाशी धरले. कितीतरी दिवसांनी पोर मोकळेपणाने रडली, आणि रडता रडता झोपी गेली.

मग रेवती कोसळली. जिथे पोरीचा जीव जळत होता तिथेच मी तिला ओढत नेत होते, हे तिला सोसवेना. त्याच वेळी तिला भीतीही खात होती. गावभर झाले तर नाव पोरीचेच खराब होईल, म्हणून ती गप्प राहण्याची विनवणी करू लागली.

बोधिसत्त्व म्हणाला, "घर फोडलं तर लाज चोराला, की घरच्यांना? आपण गप्प बसलो तर उद्या त्या दारामागं दुसऱ्या कुणाची लेक असेल." मग त्याने हेही कबूल केले की, करवत घेऊन सोमिलाकडे धावावे असे त्यालाही वाटले होते. पण तो बंदिखान्यात गेला असता तर पोरीजवळ कोण बसले असते?

दोघांनी राजाच्या अमात्यापुढे सारे सांगितले. बातमी मणिभद्राच्या कानी गेली आणि नगरशेठ स्वतः शंखकाराच्या दारी आला. राजवाड्यातल्या सगळ्या स्त्रियांच्या बांगड्या यापुढे तूच घडवशील, फक्त तक्रार मागे घे, असे तो गोडीने म्हणाला.

"शेठजी," बोधिसत्त्व म्हणाला, "माझी लेक आता तिथं जात नाही. तुमची नात मात्र अजून जाते."

मणिभद्र संतापून उठला. दुसऱ्या दिवसापासून एकही व्यापारी धम्मिलाला शंख देईना. करवती भिंतीला टांगून राहिल्या. आपल्याला पस्तावा होईल, असे रेवतीला वाटले होते. तो झाला नाही.

राजाने चौकशीसाठी सुभगा नावाच्या वृद्ध वैद्य स्त्रीला नेमले. तिची रीत अशी की मुलीला तिच्याच घरी, आईला जवळ बसवून विचारायचे, शब्द तोंडात घालायचे नाहीत आणि पुन्हा पुन्हा उकरायचे नाही. पण सोमिलाकडे शिकणाऱ्या इतर मुलींच्या आया दार उघडीनात. तेव्हा रेवती तिच्याबरोबर निघाली. "मीही आधी पोरीलाच दटावलं होतं," असे ती दारादारात सांगू लागली. हे ऐकून कड्या निघू लागल्या. एकीमागून एक मुली बोलत्या झाल्या.

राजसभेत सोमिल शांतपणे उभा राहिला. मुले ऐकीव गोष्टी रचतात, असे तो हसून म्हणाला. राजाचे मन डळमळले, कारण त्यानेच आचार्याचा सन्मान केला होता.

कधीही चारचौघांत न बोललेली रेवती पुढे आली. "महाराज, माझ्या लेकीचा जीव वीणेत होता. खोटं सांगून ती जिवापाड आवडणारी गोष्ट का सोडील?"

तेव्हा मणिभद्र आसनावरून उठला. तो आचार्याच्या बाजूने साक्ष द्यायला आला, असे सर्वांना वाटले. त्याने पागोटे उतरवून खाली ठेवले.

"शंखकारानं मला नातीची आठवण करून दिली, तेव्हा मला राग आला. काल मी तिला जवळ घेऊन विचारलं. महाराज, या पोरी खरं बोलतात. आणि या माणसाला आसरा मी दिला."

सोमिलाचे हसू मावळले. राजाने त्याला सभेतूनच बंदिखान्यात पाठवले. मणिभद्राने सर्वांदेखत शंखकार दांपत्याची क्षमा मागितली, आणि शंखांच्या गोणी पुन्हा धम्मिलाच्या अंगणात येऊ लागल्या.

राजाने नियम केला की मुलांना उघड्या मंडपात शिकवावे, आईबापांना तिथे केव्हाही येता यावे, आणि मूल काही सांगू लागले तर आधी ऐकून घ्यावे. दवंडी निघाली तेव्हा उत्पलेने ढोल मागितला. रेवतीने विचारले, बाळ, वीणा नको? उत्पला म्हणाली, "वीणा मग वाजवीन. आज मोठा आवाज हवा." नगरातली सगळी मुले तिच्यामागे चालली. वेशीपर्यंत ढोल घुमला. गर्दीत रेवती ताठ मानेने चालत होती.

तेव्हा बोधिसत्त्वाने ही गाथा म्हटली:

लहानाचा शब्द । ऐकावा निवांत ।
मनीचा आकांत । आवरोनी ॥
थोरवीची भिंत । पाडावी सत्वर ।
जिच्या आड पोर । मूक रडे ॥

पूर्वजन्मीची ही गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या उपासिकेकडे वळले. लेकीच्या काळजीने ती विहारात आली होती आणि कुणाला सांगावे की सांगू नये, हे तिला कळत नव्हते. शास्ते म्हणाले, "बाई, त्या वेळची रेवती तूच होतीस. तुझ्याजवळ बसलेली ही मुलगी उत्पला होती. राजा जयघोष म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद, आणि शंखकार धम्मिल मी होतो. सोमिलाचे नाव आज घ्यायला नको; त्याचे कर्म त्याला विसरलेले नाही."

उपासिकेने लेकीचा हात धरला आणि सारे सांगायला ती तिथूनच नगराच्या न्यायसभेकडे निघाली. ही बोधिसत्त्वाची सत्य-पारमिता होय: दुबळ्याच्या मुखातले सत्य ऐकणे आणि ते जगापुढे उभे करणे.