ठकूबाईच्या तीन जास्तीच्या भाकऱ्या

एकदा काय झालं, एका राजाला नकाशा काढायची हौस आली. म्हणाला, "चाळीस माणसं असतील तेच गाव. कमी भरली तर नकाशातून नाव खोडा आणि माणसं शहरात आणा." राजाच तो, त्याला कोण विचारणार!

आता लांब तिकडे एक इवलेवाडी होती. एवढीश्शी, बरं का. मागे डोंगर, पुढे बारकी नदी आणि बाहेर जायला एकच पायवाट. घरं अकरा. माणसं किती, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसं मोजली की नजर लागते, असं तिथं मानायचे. मग जत्रेच्या पंगतीला माणशी एक भाकरी व्हायची, अगदी तान्ह्याचीसुद्धा, आणि पाटील त्या भाकऱ्या मोजायचे. भरल्या चाळीस. पाटलांनी राजाला तसं कळवून टाकलं.

भाकऱ्या थापायची ठकूबाई. तिनं हे ऐकलं आणि तिची तव्यावरची भाकरी करपलीच. कारण तीन भाकऱ्या जास्तीच्या होत्या. एक डोंगराची, एक नदीची, एक पायवाटेची. सासूनं शिकवलेलं ते. पंगत उठली की ती गुपचूप नेऊन ठेवायची. लोक हसतील म्हणून कधी बोललीच नव्हती बिचारी.

मग पुढच्या जत्रेला आला की राजाचा कारकून! नाकावर राग, कानावर लेखणी. म्हणाला, "चाळीस पानं मांडा. चाळीस माणसं जेवताना दिसली पाहिजेत. नाहीतर गाव उठलं, आणि खोटं कळवलं म्हणून पाटील कोठडीत!"

पानं मांडली. सगळी बसली, तान्हीसुद्धा आयांच्या मांडीवर. तीन पानं रिकामी ती रिकामीच. पाटलांचा चेहरा उतरला. ठकूबाईला तर रडूच फुटलं. गाव उठल्यावर या तिघांना वाढणार कोण? मग तिनं पदरानं डोळे पुसले, त्या तीन पानांवर भाकरी ठेवली, वर झुणका वाढला आणि हाक मारली, "या रे बाबांनो, जेवायला."

आणि आले की हो!

आधी आला एक म्हातारा, चांगला दांडगा. केसांत गवत, खांद्यावर ढगाचं उपरणं. मग आली एक पोर. पाय ओले, एका जागी म्हणून बसेना. मग आली एक लांबलचक, शेलाटी बाई, धुळीनं माखलेली.

"तुमचं गाव कोणतं?" कारकुनानं दरडावून विचारलं.

"हेच," म्हातारा म्हणाला.

"कधीपासून?"

"गाव नव्हतं तेव्हापासून."

पोर म्हणाली, "मी सारखी जायला निघते. पण निघते ती इथूनच ना!" बाई जेवण्यात दंग. तिच्या तोंडात घास होता.

कारकून चिडून जायला वळला. बघतो तर काय, मागे डोंगर नाही, नुसतं आभाळ! नदी नाही, नुसते गोटे! आणि पायवाट? ती बसली होती पंगतीत.

"बसा हो," धुळीची बाई म्हणाली, "माझं जेवण झाल्याशिवाय तुम्ही जाणार कशावरून?"

मग कारकून मुकाट्यानं मांडी घालून बसला. ठकूबाईनं आपल्यातली अर्धी भाकरी त्याला दिली. चार घास पोटात गेले तसा त्याचा राग उतरला आणि त्यानं कागदावर लिहिलं, चाळीस.

मग तिघं उठली. म्हातारा गावामागे जाऊन उभा राहिला. पोर गोट्यांतून खळखळत पळाली. बाई गावाबाहेर लांब पसरली आणि कारकून तिच्यावरून हळूहळू, जपून पावलं टाकत गेला.

पाटलांनी ठकूबाईला हात जोडले. कुणी हसलं नाही बरं का. इवलेवाडी नकाशात राहिली, सगळी सुखानं नांदली. पुढे ठकूबाई म्हातारी झाली, हात थकले. पण तिला आता घोर नव्हता. त्या तिघांना वाढायला सारं गाव होतं.

चला, नदीसुद्धा दमून हळू वाहतेय. पाय पोटाशी घ्या आणि मिटा बघू डोळे.